सोयाबीन: शंभर दाणे मोजल्याशिवाय पेरणी नको

पहिला पाऊस झाला की बियाण्याच्या उगवण चाचणीला सात दिवस मिळत नाहीत, म्हणून ती आजच लावा. पावसाने ओढ दिली तर इलाज नसतो. पण मूठभर दाणे ओल्या फडक्यात टाकून "बरं उगवतंय" म्हणत पेरलेले शेत विरळ निघते, ते मात्र टाळता येते.

गोणीच्या वरून, मधून आणि तळातून दाणे काढून मिसळा. न निवडता, हाताला येतील तसे शंभर मोजा. टपोरे वेचले की उत्तर खोटे आले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण पाणी साचू देऊ नका, दाणे कुजतात. सातव्या दिवशी फक्त सरळ, निरोगी मूळ-कोंब असलेले मोजा. वाकडे, तुटके, बुरशी आलेले उगवलेल्यांत धरायचे नाहीत.

अशा तीन गुंडाळ्या हव्यात. समजा ६४, ५८ आणि ६१ उगवले: एकूण १८३, भागिले ३००, म्हणजे ६१ टक्के. दहाच दाणे घेतले तर एक दाणा इकडचा तिकडे झाला की दहा टक्के फरक पडतो. शंभरातही आठ-नऊ टक्क्यांची चूक सहज होते, म्हणून तीन. आकडे ८२, ५५, ७० असे विखुरले तर सरासरी काढू नका, चाचणी पुन्हा लावा. वेगवेगळ्या लॉटची (खेपांच्या बियाण्याची) बेरीजही नको: ८० आणि ४० ची सरासरी ६० येते, आणि अर्ध्या शेतात पीक विरळ राहते.

७० टक्के किंवा जास्त: एकरी ३० किलो. ६० ते ७०: ३० गुणिले ७०, भागिले आलेला टक्का. ६१ ला साडेचौतीस किलो. ६० च्या खाली ते बियाणे पेरू नका. शेतातली उगवण गोणपाटापेक्षा कमीच असते. आमचा अंदाज दहा टक्क्यांचा.

उगवण वाढवणारी म्हणून दुकानात पुढे केली जाणारी महाग पावडर मेलेला दाणा उगवून देत नाही. तो खर्च चांगल्या बियाण्यावर करा.

बाकी कामे:
- ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर पेरणी
- खोली ३ ते ४ सेंमी
- बियाण्याला आधी बुरशीनाशक, शेवटी रायझोबियम (नत्र मिळवून देणारे जिवाणू खत) २५० ग्रॅम प्रति १० किलो बियाणे
- गोणी आपटू नका, दाण्याची साल पातळ असते