तीनचाकीची मोटर चढ बघून घ्या

मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकी घेताना विक्रेता वेगाबद्दल बोलत राहतो. तुम्ही चढाबद्दल विचारा. गाडी, बॅटरी, चालक आणि माल मिळून 600 किलो वजन धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 20 किमी वेगाला चाकांशी सहा-सातशे वॅट पुरतात. पण 12 मीटरमागे 1 मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी 10 किमीनं जायचं, तरी तेवढ्याच वजनाला सुमारे 1600 वॅट लागतात. म्हणून सोलापूरच्या सपाट पेठांत 1000 वॅटची मोटर चालून जाईल. रोज कात्रजचा घाट चढायचा असेल तर 2000 वॅटच्या खाली जाऊ नका. हा आकडा सततच्या क्षमतेचा हवा. क्षणभराची कमाल क्षमता मोठ्या अक्षरांत छापलेली असते, तिला भुलू नका.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. थांबत-थांबत फिरणाऱ्या भरल्या गाडीला किमीमागे 50 वॅट-तास धरा. रोज 40 किमी म्हणजे 2000 वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर बसते. म्हणून 48 व्होल्टला 100 अँपिअर-तासाचा, म्हणजे 4800 वॅट-तासांचा संच घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर 60 अँपिअर-तास पुरतील, आणि वजनही बरंच वाचेल. मात्र चढावर 2000 वॅटची मोटर 40 अँपिअरहून जास्त ओढते. बॅटरीचं बीएमएस, म्हणजे जास्त प्रवाह ओढला की बॅटरी तोडणारं संरक्षक सर्किट, 30 अँपिअरचं असेल, तर गाडी भर चढावर बंद पडेल.