मूल शाळेला दांडी मारतंय? पालकांनी या चुका टाळा

‘तुमचा मुलगा आठवडाभर आला नाही,’ असा शाळेतून निरोप आला की पुष्कळ घरांत आधी हात उठतो. सगळ्यात मोठी चूक हीच. मार खाल्लेलं मूल दुसऱ्या दिवशी शाळेत जातं, पण दांडीचं कारण पोटातच ठेवतं आणि पुढच्या वेळी अधिक सफाईने लपवतं.

त्यापेक्षा वर्गशिक्षकांना भेटा आणि हजेरीपट नीट बघा. दांडी कोणत्या वारी पडते? त्या दिवशी कोणता तास असतो? चाचणीच्या दिवशीच पोट दुखत असेल तर अभ्यास मागे पडलाय. मोठी मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस चुकवत असेल तर शाळेतल्या शौचालयात पाणी आहे का, दाराला कडी आहे का, हे विचारा. मुंबईत अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. दुपारच्या सत्राचं मूल आईवडील कामावर गेल्यावर एकटंच निघतं. दप्तर घेऊन घराबाहेर पडलं म्हणजे शाळेत पोचलं, असं धरून चालू नका. वाटेत कुणी त्रास देतं का, वर्गात कुणी चिडवतं का, हे शांतपणे, जेवताना विचारा. उत्तर पहिल्या दिवशी मिळणार नाही.

काही दांड्या आपणच घडवतो, हेही मान्य करायला हवं. धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला मुलीलाच घरी ठेवलं जातं. गणपतीला गावी गेलेलं मूल शाळा सुरू झाली तरी परतत नाही. वर ‘ताप होता’ अशी खोटी चिठ्ठी आपण लिहून दिली की शाळा बुडवायची रीत मूल आपल्याकडूनच शिकतं.

‘शाळेला काय सांगायचं?’ म्हणून गप्प बसणं ही आणखी एक चूक. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे. पण ते नियमित येतं का, हे पाहण्याची जबाबदारी हाच कायदा सरकारवर आणि महापालिकेवरही टाकतो. त्यामुळे मदत मागताना संकोच नको. शिक्षक मारत किंवा सगळ्यांसमोर अपमान करत असतील तर तेही कलम 17 नुसार निषिद्ध आहे. मुख्याध्यापकांना लेखी कळवा. पालिकेच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांना गाठा. मूल घाबरलेलं असेल, कुणी कामाला जुंपलं असेल, तर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या 1098 या मोफत क्रमांकावर फोन करा.