नॅटामायसिन (बुरशीवरचे डोळ्याचे थेंब) चालू आहे आणि अल्सर वाढतोच आहे? नवीन रेसिडेंट्ससाठी थोडं

फंगल केरायटिसचं, म्हणजे कॉर्नियाच्या बुरशीजन्य इन्फेक्शनचं, बेसिक तुम्हाला येतंच, पिसासारख्या कडा, सॅटेलाइट लिजन, डोळ्याला उसाचं पातं लागल्याची हिस्टरी, त्यात वेळ घालवत नाही. मला रेसिडेन्सीत ज्याने अक्षरशः रडवलं त्या पिथियमबद्दल लिहितोय.

पिथियम इन्सिडिओसम ही बुरशी नाहीच, ऊमायसीट आहे, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण वेगळ्या कुळातला जीव. पण केओएचमध्ये (खरवडलेल्या नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून बघायची स्लाइड) धागे इतके सारखे दिसतात की रिपोर्ट येतो 'फंगल फिलामेंट्स सीन', मग तासातासाला नॅटामायसिन सुरू, पेशंट बिचारा एक थेंब चुकवत नाही, आणि रोज सकाळी स्लिट लॅम्पवर बघावं तर इन्फिल्ट्रेट (कॉर्नियातला पांढरट डाग) अजून पुढे सरकलेलं. नॅटामायसिन एर्गोस्टेरॉलला, म्हणजे बुरशीच्या मेम्ब्रेनमधल्या घटकाला, चिकटून काम करतं आणि पिथियमच्या मेम्ब्रेनमध्ये एर्गोस्टेरॉल जवळपास नसतंच, मग औषध धरणार कशाला? अशा वेळी डोस वाढवून, वर व्होरिकोनाझोल हे दुसरं बुरशीवरचं औषध जोडून, 'अजून चार दिवस बघू' म्हणत बसू नका. त्या चार दिवसांत कॉर्निया जातो.

ओळखायचं कसं, तर इन्फिल्ट्रेटच्या कडेने सोंडेसारखे फाटे आणि बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, लिंबसजवळ (कॉर्नियाच्या कडेला) चर पडल्यासारखं पातळ होतं. केओएचमध्ये धागे रुंद, रिबनसारखे, सेप्टा (धाग्यातले आडवे पडदे) अगदी कमी. ब्लड अगारवर एकदोन दिवसांतच चपटी, रंगहीन, अगारमध्ये रुतलेली कॉलनी येते. खात्रीसाठी झूस्पोअर (पिथियमचे पोहणारे बीजाणू) दिसतात का ते बघा किंवा पीसीआर (डीएनए तपासणी) करा. भातशेतीत साचलेल्या पाण्याची हिस्टरी विचारा, पण नाही म्हणाला म्हणून पिथियम सोडून देऊ नका.

माझं स्पष्ट मत आहे की व्हॉट्सॲपवर सरांना फोटो पाठवून डायग्नोसिस मागणं बंद करा. लॅबमध्ये जाऊन स्लाइड स्वतः बघा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते लॅबमधल्या टेक्निशियन ताईंनी, त्या फोकस हलवत एकेक धागा दाखवायच्या.

आणि म्हणून प्रत्येक फंगल अल्सरला पिथियम समजून घाबरायचंही कारण नाही. खरी बुरशी, विशेषतः फ्युझेरियम असेल तर नॅटामायसिनच पहिलं, व्होरिकोनाझोलच्या थेंबांपेक्षा ते सरस ठरलं हे 2013 च्या मट (MUTT) या या दोन औषधांची तुलना करणाऱ्या ट्रायलमध्ये दिसलंय, आणि त्यातले पेशंट आपल्याच दक्षिण भारतातले होते. बाटली मात्र हलवून टाकायला सांगा, सस्पेन्शन आहे ते, पांढरं सगळं तळाशी बसतं. मेडिकलवाल्याने दिलेले स्टिरॉइडचे थेंब चालू असतील तर त्याच मिनिटाला बंद.

पिथियम ठरलं की लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक्सचे थेंब, सोबत ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या. काही डोळे यावर वाचतात, खरंच वाचतात. पण बऱ्याच जणांना ग्राफ्ट (दात्याचा कॉर्निया बसवणं) लागतो, तो विषय नातेवाइकांकडे पहिल्याच आठवड्यात काढा, डोनर टिश्यू मागितल्याबरोबर मिळत नाही. ग्राफ्ट करताना मार्जिन कंजूषपणे घेऊ नका, कडेला राहिलेला धागा परत येतो, आणि काढलेलं बटन (कॉर्नियाची चकती) अर्धं मायक्रोबायोलॉजीला, अर्धं पॅथॉलॉजीला पाठवा.