‘ईएफ’, ‘यूएनसी’ वाचून पैसे टाकताय? नाण्यांच्या ग्रेडिंगमधल्या या चुका टाळा

ग्रेड म्हणजे जुनं नाणं किती झिजलंय आणि किती जपलं गेलंय याचा शेरा. जॉर्ज पाचव्याचा चांदीचा रुपया घ्या. लंडनचा जुन्या वळणाचा डीलर त्याला ईएफ (एक्स्ट्रीमली फाइन, अगदी थोडी झीज) म्हणेल, अमेरिकेत तोच रुपया एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड, जवळपास न फिरलेला) ५० किंवा ५५ लिहिलेल्या ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत बसेल, आणि आपल्याकडे प्रदर्शनातल्या टेबलावर तोच "सर, एकदम यूएनसी पीस आहे, चमक बघा" म्हणून हातात येईल (यूएनसी, म्हणजे अनसर्क्युलेटेड, चलनात न फिरलेला). यातलं कोणी खोटं बोलतंय असं नाही (तिसऱ्याची गॅरंटी मी घेणार नाही), पण तिघांची मोजायची पट्टी वेगळी आहे आणि आपण मात्र अक्षरं बघून किंमत ठरवून मोकळे होतो.

अक्षरं सारखी म्हणून ग्रेड सारखी, असं धरून चालणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ब्रिटिश पद्धतीत फाइन, व्हीएफ (व्हेरी फाइन), ईएफ, यूएनसी आणि वर एफडीसी (निर्दोष नाणं), एवढ्याच मुख्य पायऱ्या. अमेरिकेत ईएफ आणि यूएनसीच्या मध्ये एयू नावाची आणखी एक पायरी आहे, त्यामुळे ढोबळ मानाने ब्रिटिश ईएफ म्हणजे अमेरिकन एयू आणि ब्रिटिश व्हीएफ म्हणजे अमेरिकन एक्सएफच्या (ईएफचंच दुसरं नाव) आसपास. म्हणजे ब्रिटिश पट्टी कडक. आता गंमत अशी की केएम (क्राउझ-मिशलर) नंबरवाल्या जाड कॅटलॉगमधले भाव अमेरिकन पट्टीवर छापलेले असतात, आणि आपण लंडनच्या लिलावातलं व्हीएफ नाणं बघून कॅटलॉगच्या व्हीएफ रकान्यात बोट ठेवतो आणि म्हणतो बापरे किती महाग लावलंय, सोडून देतो, आणि खरं तर ते एक रकाना पुढचं नाणं असतं. उलटंही होतं, अमेरिकन एक्सएफला ब्रिटिश ईएफचा भाव देऊन बसतो.

युरोपात तर अजून गोंधळ. एसपीएल ही तीन अक्षरं फ्रेंच डीलरने लिहिली तर जवळपास न वापरलेलं नाणं, एमएस (मिंट स्टेट, अमेरिकेतलं यूएनसी) ६३ च्या आसपासचं. इटालियन डीलरने लिहिली तर साधं ईएफ. फ्रेंच लोक ईएफच्या जागी एसयूपी लिहितात. जर्मन लिस्टमध्ये नुसता ‘एस’ म्हणजे फाइन, ‘एसएस’ म्हणजे व्हीएफ, ‘व्हीझेड’ म्हणजे ईएफ. म्हणून आधी विकणारा कुठल्या देशातला आहे ते बघायचं, मग अक्षरं. मोठ्या लिलावांच्या कॅटलॉगमध्ये बहुतेक वेळा सुरुवातीच्या पानांवर तुलनेचा तक्ता दिलेला असतो, तो कोणी वाचत नाही.

७० पैकी ६० म्हणजे फर्स्ट क्लास समजणं

आपल्या डोक्यात बोर्डाची मार्कशीट. ७० पैकी ६० म्हटलं की ८५ टक्के, झकास! पण शेल्डन स्केल, म्हणजे एयू ५०, एमएस ६३ मधल्या आकड्यांची १ ते ७० ची अमेरिकन पट्टी, टक्केवारी नाहीच. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ही पट्टी अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी काढली आणि तेव्हा आकडा थेट भावाशी जोडलेला होता, म्हणजे सगळ्यात खराब नाण्याला १ तर अप्रतिम नाण्याला त्याच्या ७० पट. तो भावाचा हिशोब कधीच मोडला, आकडे राहिले. आज एयू ५८ ला संपतं आणि ६० ते ७० या ११ पायऱ्या सगळ्या मिंट स्टेटच्या, म्हणजे चलनात न फिरलेल्या नाण्यांच्या. त्यातली ६० ही सगळ्यात खालची: झीज नाही पण पोत्यात एकमेकांवर आपटून ओरखडे पडलेले, चमक मेलेली. म्हणून चांगलं एयू ५८ नाणं दिसायला एमएस ६० पेक्षा कितीतरी देखणं असू शकतं. मला विचाराल तर त्याच पैशात मी डोळे मिटून ५८ घेईन. आणि व्हीएफ २० म्हणजे नापास नव्हे, हातोहात फिरलेल्या दीडशे वर्षं जुन्या रुपयाला ती अगदी मानाची ग्रेड आहे.

चमक आणि ग्रेड यांची गल्लत

चकाकतं म्हणून यूएनसी नसतं. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर यातल्या कशानेही चांदीचा रुपया चकाकतो आणि कायमचा बाद होतो. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्याला आकडा देत नाहीत, लेबलवर ‘डिटेल्स’ आणि पुढे ‘क्लीन्ड’ असं लिहून येतं.

घरी तपासायचं असेल तर ट्यूबलाइट बंद करा, एकच टेबल लॅम्प लावा, नाणं कडेने धरा आणि तिरकं करून हळूहळू फिरवा. मूळ चमक शाबूत असेल तर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. घासलेलं असेल तर सगळा पृष्ठभाग एकसारखा चमकतो, आरे दिसत नाहीत, आणि ५ किंवा १० पट भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा दिसतात. मग उंच भाग बघा: जॉर्ज पाचव्याच्या रुपयावर मुकुट, भुवई, मिशी आणि झग्यावरचा तो छोटा हत्ती (१९११ च्या रुपयावर तो डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली होती, तोच). तिथला रंग आजूबाजूपेक्षा मंद, करडा वाटला तर झीज आहे. तपशील पुसट पण चमक शाबूत असेल तर ठसा कमी दाबला गेला असण्याची शक्यता जास्त, ती झीज नव्हे. एवढं एक ओळखता आलं तरी टेबलावरचे निम्मे "यूएनसी" आपोआप एयू होतात.

‘प्रूफ’ आणि ‘यूएनसी सेट’ ला ग्रेड समजणं

प्रूफ ही नाणं पाडायची पद्धत आहे. पॉलिश केलेले ठसे, खास तयार केलेली चकती, एकापेक्षा जास्त वेळा दाब. ते खराबही होऊ शकतं, बोटाचा ठसा उमटलेलं प्रूफ असतंच की. तसंच सरकारी टांकसाळीचा यूएनसी सेट हे पॅकेटचं नाव झालं, आतल्या नाण्यावर डाग असू शकतो. आणि एकच प्रूफ नाणं एनजीसीच्या डबीत पीएफ तर पीसीजीएसच्या डबीत पीआर असतं, त्यावरून भांडू नका.

शिवराईला मशीनच्या नाण्याची पट्टी लावणं

हाताने पाडलेली नाणी, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं बाहेरच राहतात. झिजेच्या हिशोबाने व्हीएफ पण ‘राजा’ कापला गेलेला, असं नाणं घेण्यापेक्षा ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ पूर्ण आलेली फाइन शिवराई घ्यावी. प्राचीन नाण्यांना एनजीसी ग्रेडशिवाय ठशाला ५ पैकी आणि पृष्ठभागाला ५ पैकी असे वेगळे मार्क देते. शिवराई त्या काळातली नाही, पण बघताना तशी फोड आपण करायला हरकत काय?

डबी दिसली की डोकं बाजूला ठेवणं

स्लॅब, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या या सीलबंद डब्या, त्यासुद्धा खोट्या निघतात. पीसीजीएस, एनजीसीचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा, फोटो असेल तर ओरखडा न् ओरखडा जुळवा, कारण खऱ्या नंबरचं खोटं लेबलही बनतं. कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा एमएस ६९ असेल तर डबीची किंमत शून्य धरून नुसत्या नाण्याचा भाव करा. फोटोवरून घेत असाल तर तिरक्या उजेडातला छोटा व्हिडिओ मागा, टाळाटाळ झाली तर पुढे जा.

आणि "अमेरिकेला पाठवून ग्रेड करून घेतो" म्हणण्याआधी नाण्यावरचं साल वाचा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९११ चा तो रुपया कुरिअरने परदेशी पाठवायचा विषयच नाही. १९४० च्या दशकातले रुपये अजून त्या रेषेच्या अलीकडे आहेत.