टी सेलचं मेटाबॉलिझम मोजताय? मग या चुका टाळा

टी सेल (रोगप्रतिकारक पेशी) ॲक्टिव्हेट झाली की ऑक्सिजन भरपूर असला तरी ग्लुकोज धडाधड वापरते आणि लॅक्टेट बाहेर टाकते, हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे सीहॉर्सवर (पेशींचं मेटाबॉलिझम मोजणारं मशीन) ईसीएआरची (ॲसिड वाढण्याचा वेग) रेघ वर गेली की आपण "ग्लायकोलिसिस (ग्लुकोज तोडणं) वाढलं" असं लिहून मोकळे होतो. जरा थांबा. ती रेघ फक्त मीडियम (पेशी ज्या द्रवात ठेवतात तो) किती ॲसिडिक होतंय तेवढंच सांगते, आणि मायटोकॉन्ड्रियातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळेही ॲसिड होतंच की! लॅक्टेट वेगळं मोजा.

ओसीआर (ऑक्सिजन वापरण्याचा वेग) फारच कमी येतोय? आधी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरा. टी सेल्स तरंगतात, वेलला (प्लेटमधल्या खळग्याला) पॉली-डी-लायसिनचं (पेशी चिकटवणाऱ्या पदार्थाचं) कोटिंग नसेल तर त्या तळाला चिकटत नाहीत आणि मग रीडिंगला काही अर्थ राहत नाही. एफसीसीपी (मायटोकॉन्ड्रियाचं श्वसन कमाल वेगावर नेणारं रसायन) टाकल्यावर ओसीआर वर जायच्या ऐवजी खाली आला तर "मायटोकॉन्ड्रिया बिघडले" म्हणून घाबरू नका, बहुतेक डोस जास्त झालाय. प्रत्येक सेल टाइपसाठी टायट्रेशन (वेगवेगळे डोस देऊन योग्य तो शोधणं) करावंच लागतं, शेजारच्या लॅबचा आकडा उचलून चालत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, एटोमॉक्सिर, म्हणजे फॅटी ॲसिड जाळणं अडवणारं औषध. मेमरी टी सेल्स (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या) फॅटी ॲसिड जाळून जगतात ही गोष्ट बरीचशी या औषधावर उभी होती आणि डोस असायचा २०० मायक्रोमोलरपर्यंत, पण सीपीटी-१ (फॅटी ॲसिड मायटोकॉन्ड्रियात न्यायला लागणारं एन्झाइम) बंद करायला थोडेसेच मायक्रोमोलर पुरतात, त्याच्या खूप वर गेलात की कॉम्प्लेक्स १ (मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतला एक भाग) पण दबतो आणि तुम्ही नक्की काय अडवलंत तेच कळत नाही. २०१८ मध्ये सीपीटी-१ए (सीपीटी-१ चाच एक प्रकार) चं जीनच टी सेलमधून काढून पाहिलं तर मेमरी सेल्स तयार झाल्याच! म्हणून नुसत्या औषधावर विसंबू नका, जेनेटिक कंट्रोल ठेवा. टू-एनबीडीजीचंही (ग्लुकोजसारखं चमकणारं रसायन) तसंच, ते चमकलं म्हणजे ग्लुकोज आत गेलं असं नाही, २०२० मध्ये टी सेल्समध्ये हे नीट दाखवलंय, रेडिओलेबल ग्लुकोजचा अपटेक जास्त भरवशाचा.

मीडियमकडे तर कोणी बघतच नाही. आरपीएमआयमध्ये (नेहमीचं मीडियम) ग्लुकोज ११ मिलीमोलर असतं, उपाशीपोटी रक्तात ५ च्या आसपास, म्हणजे तुमचं "नॉर्मल" कंट्रोलच डायबेटिक आहे. आणि त्यात आणखी ग्लुकोज ओतून "डायबेटिसचं मॉडेल" म्हणणार असाल तर मॅनिटॉलचा (पेशी सहसा वापरत नाहीत असा साखरेसारखा पदार्थ) कंट्रोल लावा, नाहीतर ऑस्मोलॅरिटीचा (विरघळलेल्या पदार्थांच्या प्रमाणाचा) परिणाम साखरेच्या नावावर खपतो.

मॅक्रोफेजवाल्यांनी (जंतू गिळणाऱ्या पेशींवर काम करणाऱ्यांनी) उंदराचा डेटा माणसाला चिकटवू नये. उंदराच्या बोन मॅरो मॅक्रोफेजला एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला घटक) दिलं की आयनॉस हे एन्झाइम भरपूर नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्यानेच मायटोकॉन्ड्रियाचं श्वसन दबतं, माणसाच्या मोनोसाइटपासून वाढवलेल्या पेशी ते फारसं बनवत नाहीत, म्हणून त्यांच्यात ओसीआर तसा कोसळला नाही तर एलपीएसचा लॉट खराब समजून फेकू नका, आधी टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) मोजा, तो आला असेल तर पेशी व्यवस्थित ॲक्टिव्हेट झाल्यात.