डिशवॉशर गळू लागल्यावर : मशीन उघडण्यापूर्वीची तयारी

डिशवॉशरखाली पाणी दिसताच बहुतेकांचा हात फडक्याकडे जातो. त्याआधी वीज आणि पाणी, दोन्ही बंद झाले पाहिजेत. भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटचे बटण बंद करून प्लग काढून ठेवावा. मात्र सॉकेट मशीनच्या मागे असेल आणि फरशी ओली असेल, तर तिथे हात घालू नये. विजेच्या बोर्डावरचा स्वयंपाकघराचा एमसीबी खाली पाडावा आणि मगच जवळ जावे. आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आपोआप पडला असेल, तर पाणी विजेच्या भागापर्यंत पोहोचल्याची किंवा हीटरमधून वीज गळत असल्याची शक्यता असते. अशा वेळी तो पुन्हा वर करून ‘बघू या’ म्हणणे धोक्याचे आहे. ते काम घरचे नव्हे, जाणकार माणसाचे आहे. यानंतर मशीनला पाणी देणारा अँगल कॉक बंद करावा. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक पुष्कळदा पूर्ण बंद होत नाही, म्हणून घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो हाताने फिरतो का, हे आधीच पाहून ठेवावे.

वॉरंटीचा कागद याच टप्प्यावर शोधावा. मुदत शिल्लक असेल तर मशीनचा एकही स्क्रू सोडवू नये, कारण उघडलेल्या मशीनची जबाबदारी कंपनी नाकारू शकते. खाली सांगितलेली बाहेरून करायची निरीक्षणे मात्र वॉरंटी असतानाही करून ठेवावीत. येणाऱ्या तंत्रज्ञाला ती नेमकी सांगता आली, तर त्याचा आणि आपला एक फेरा वाचतो.

या सगळ्या तयारीत सर्वांत महत्त्वाचे आहे ते पाणी कुठे दिसते यापेक्षा केव्हा येते हे जाणून घेणे. मशीनच्या तळाला उतार नसला तरी फरशीला असतो, त्यामुळे मागच्या बाजूने गळणारे पाणी पुढच्या पायाशी साचते आणि संशय विनाकारण दारावर जातो. आमच्या घरी गळती सुरू झाली तेव्हा मी दाराचे रबर मागवले, ते बसवलेही, आणि तिसऱ्या दिवशी फरशी पुन्हा ओली झाली. त्यानंतर मशीनखाली वर्तमानपत्राच्या चार घड्या सरकवून, वही-पेन घेऊन, एक पूर्ण फेरी समोर बसून पाहिली. भरताना कागद कोरडे होते, धुतानाही कोरडे होते. पहिल्यांदा पाणी बाहेर फेकण्याचा पंप सुरू झाला आणि डाव्या मागच्या घडीवर रुपयाएवढा करडा डाग उमटला. सांडपाण्याच्या पाइपची क्लिप ढिली झाली होती. दारात काहीच दोष नव्हता.

म्हणून दुरुस्तीच्या आदल्या दिवशी अशी एक फेरी बघण्यासाठी राखून ठेवावी. फरशी पूर्ण कोरडी पुसावी, कागदाच्या घड्या चारही कोपऱ्यांत आणि दाराच्या खालच्या कडेशी ठेवाव्यात, प्रत्येकीवर जागा लिहावी, आणि आरसीसीबी पडलेला नसेल तरच प्लग लावून, कॉक उघडून, भांडी न लावता गरम पाण्याची फेरी सुरू करावी. या वेळी मशीनचे सर्व पत्रे जागेवर असले पाहिजेत. पत्रा काढून चालू मशीनमध्ये डोकावण्याचा मोह टाळावा. पाणी भरतानाच कागद भिजला तर दोष कॉकपासून मशीनपर्यंतच्या पाइपात, त्याच्या वायसरमध्ये किंवा आत पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हपाशी असतो आणि ते पाणी स्वच्छ असते. धुणे चालू असताना भिजला तर दार, फवारे मारणारा दांडा, तळाची कुंडी किंवा फिरत्या पंपाचे सील यांपैकी काहीतरी असते. पाणी बाहेर टाकताना भिजला तर सांडपाण्याचा पाइप आणि त्याची जोडणी तपासावी. मशीन बंद असतानाही पाणी वाढत असेल, तर आतला तळ स्पंजने कोरडा करून, कॉक उघडा ठेवून, आपण घरात असताना दोन-तीन तासांनी पुन्हा पाहावे: स्वच्छ पाणी साचले तर आवक व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, आणि गढूळ, वास मारणारे पाणी साचले तर ते सांडपाण्याच्या पाइपातून उलटे येत आहे.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये आणखी एक शक्यता तपासावी लागते. डिशवॉशर बऱ्याच घरी ड्राय बाल्कनीत असतो आणि त्याच्या सांडपाण्याचा पाइप वॉशिंग मशीनच्याच वाटेने नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो. ट्रॅप तुंबला असेल तर पंपाने जोरात टाकलेले पाणी वर येऊन मशीनखाली पसरते, आणि दोष मशीनच्या माथी येतो. बादलीभर पाणी त्या ट्रॅपमध्ये एकदम ओतून पाहावे. ते वर चढले तर आधी प्लंबर बोलवावा.

दाराकडे वळण्यापूर्वी फेसाची शहानिशा करावी. हाताने भांडी घासण्याचा द्रव साबण मशीनमध्ये चमचाभर जरी गेला तरी फेस दाराच्या फटीतून बाहेर येतो, आणि दाराचे रबर, म्हणजे गॅस्केट, नवे असले तरी तो थांबत नाही. भांडी घासून, अर्धवट विसळून मशीनमध्ये लावण्याची सवय असेल, तर त्यांना चिकटलेला साबणही पुरेसा होतो. चमक आणणारा रिन्स एड भरताना सांडला तरी तेच घडते. फेरी सुरू होऊन दहा मिनिटे झाली की ती थांबवावी, दार हळूहळू उघडावे, वाफेपासून चेहरा दूर ठेवावा आणि आत फेसाचा थर आहे का ते पाहावे. असल्यास पाणी काढून टाकावे आणि साध्या पाण्याच्या दोन फेऱ्या कराव्यात. या कामाला हत्यार लागत नाही.

आता दार. बहुतेक मशीनमध्ये दोन्ही बाजूंना आणि वर खाचेत बसवलेले रबरी गॅस्केट असते, आणि दाराच्या खालच्या कडेला वेगळी पट्टी असते. कोमट पाण्यात बुडवलेले मऊ फडके बोटाला गुंडाळून रबराच्या घडीतून फिरवावे. विशेषतः खालचे दोन कोपरे, जिथे हात नीट पोहोचत नाही, तिथे सावकाश. आपल्या स्वयंपाकातले पदार्थ इथे नेमके अडकतात: मोहरीचा दाणा, कढीपत्त्याचे देठ, तमालपत्राचा तुकडा, नारळाचा चव. खालच्या पट्टीच्या ओठाखाली मोहरीचा एकच दाणा अडकला तरी रबर तेवढ्या जागी उचललेले राहते आणि प्रत्येक फेरीला तिथून बारीक धार येते. टॉर्च तिरपा धरला की उचललेल्या रबराची सावली दिसते. रबर कडक झाले असेल, चिरले असेल किंवा कोपऱ्यात दबून चपटे झाले असेल, तर आपल्या मॉडेलच्या क्रमांकाचेच नवे मागवावे. हा क्रमांक बहुधा दाराच्या आतल्या कडेवर छापलेला असतो आणि त्याचा फोटो काढून ठेवणे सोयीचे पडते. नवे गॅस्केट कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ करावे, वरच्या कडेच्या मधोमध दाबून सुरुवात करावी आणि दोन्हीकडे खाली उतरावे, म्हणजे ते एका बाजूला ताणले जात नाही. गोंद किंवा सिलिकॉन लावू नये. त्याने गळती तात्पुरती थांबली तरी पुढची दुरुस्ती अवघड होते.

भांडी लावण्याची रीतही याच तपासणीत धरावी. परात किंवा मोठे ताट खालच्या जाळीत दाराकडे तोंड करून तिरपे ठेवले, तर फवारा त्यावर आपटून थेट दाराच्या फटीवर जातो. फवाऱ्याचा दांडा बाहेर काढून उजेडात धरावा. त्याच्या सांध्याला चीर गेली असेल तर धार भलत्याच दिशेला उडते. मशीन पुढे झुकलेले नाही ना, हे स्पिरिट लेव्हलने पाहावे आणि पाय फिरवून ते सपाट करावे.

मशीन बाहेर ओढायचे ठरले तर वीज आणि पाणी पुन्हा बंद करावे आणि सामान आधी एका जागी मांडून ठेवावे: टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, बऱ्याच मशीनना लागणारा चांदणीच्या टोकाचा टॉर्क्स ड्रायव्हर, पक्कड, पाना, पाऊण इंची पाइपाचे रबरी वायसर, स्टीलच्या दोन क्लिपा, स्पंज, उथळ ताट, जुने टॉवेल आणि जाड हातमोजे. हातमोजे वगळू नयेत, कारण पत्र्याच्या आतल्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. टेफ्लॉन टेपचा उपयोग आवक पाइपाच्या जोडणीवर नाही; तिथे पाणी अडवतो तो सपाट वायसर, आटे नव्हेत, म्हणून वायसर बदलून जोडणी हाताने घट्ट करावी आणि पान्याने अगदी थोडीच आवळावी. मशीन बरेच जड असते, म्हणून दुसरा माणूस हजर असावा. पायांखाली जुनी चादर सरकवली तर फरशीवर ओरखडे येत नाहीत. तळाच्या कुंडीतले पाणी मशीन हलवण्यापूर्वी स्पंजने काढावे, नाहीतर मशीन कलते करताच ते विजेच्या भागांवर सांडेल. प्रत्येक तार किंवा पाइप सोडवण्यापूर्वी एक फोटो काढावा.

काही मशीनच्या आवक पाइपाच्या टोकाला, कॉकजवळ, एक जाडसर डबी असते. पाइप फुटल्यास पाणी तोडण्याची ती व्यवस्था आहे आणि तिच्या अनेक प्रकारांत विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. तो पाइप कापून जोडू नये, ती डबी पाण्यात बुडवू नये; बिघडल्यास पूर्ण पाइपच बदलावा.

मशीनच्या तळाशी एक परात आणि तिच्यात थर्माकोलचा तरंगता तुकडा असतो, हे अनेकांना माहीत नसते. गळालेले पाणी परातीत साठले की तो तुकडा वर येतो, स्विच दाबला जातो, मशीन धुणे सोडून नुसते पाणी उपसत राहते. बॉशच्या बऱ्याच मशीनवर तेव्हा ‘ई१५’ ही खूण दिसते. परात कोरडी केली की मशीन पुन्हा चालू लागते, आणि इथेच फसगत होते: गळती तशीच असते, फक्त परात रिकामी झालेली असते. परात कोरडी करताना तिथले पांढरे क्षारांचे ओघळ टॉर्चने वरच्या दिशेने शोधत जावे. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यात हे ओघळ ठळक उमटतात आणि ते गळतीच्या उगमापर्यंत नेतात.

ओघळ पंपाच्या मोटरकडे, हीटरकडे किंवा कुंडीच्या सांध्याकडे गेला तर तिथे थांबावे. ते सुटे भाग आणि त्यांची सील बदलण्यासाठी मशीन बरेच उकलावे लागते आणि तिथे चुकलेली जोडणी विजेची असू शकते. ओघळाचा फोटो, कागदांवरच्या नोंदी आणि मॉडेल क्रमांक तंत्रज्ञाला आधीच पाठवावेत, म्हणजे तो योग्य भाग सोबत घेऊन येईल.

क्लिप, वायसर, पाइप किंवा गॅस्केट बदलून झाल्यावर मशीन लगेच जागेवर ढकलू नये. सोडवलेले पत्रे आधी परत बसवावेत, मग कॉक हळूहळू उघडून जोडणीभोवती कोरडा टिश्यू फिरवावा, त्यानंतर रिकामी थंड फेरी आणि मग सर्वांत गरम फेरी करावी, कारण काही सांधे रबर तापल्यावरच गळू लागतात. कागदाच्या घड्या तशाच रात्रभर ठेवाव्यात. सकाळी त्या कोरड्या असतील तर मशीन आत ढकलावे. मात्र ढकलताना सांडपाण्याचा पाइप मागे दुमडत नाही ना, हे कोणीतरी बाजूने टॉर्च धरून पाहत राहावे.