पॅनडॉकमधून एचटीएमएल काढताना पीडीएफ आकृत्या दिसत नव्हत्या, हे करून सुटलं

मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा घातलेल्या टेक्स्टमध्ये) लिहितो आणि पॅनडॉक या फॉरमॅट बदलणाऱ्या प्रोग्रामने बाकीच्या प्रती काढतो. आकृत्या सगळ्या पीडीएफ, कारण छापायची प्रत लाटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमधून जाते. पण तेच एचटीएमएल केलं की चित्राऐवजी एम्बेड टॅग येतो, कॉम्प्युटरवर पीडीएफ व्ह्यूअरची करडी चौकट आणि मोबाईलवर नुसती कोरी जागा. डिफॉल्ट इमेज एक्स्टेंशनचा ऑप्शन लावून बघितला, तो फक्त एक्स्टेंशन न लिहिलेल्या चित्रांना लागतो आणि फाइल काही बदलत नाही. हाताने पीएनजी केल्या तर आकृती बदलली की जुनीच पीएनजी पानावर, जाम वैताग आला.

शेवटी लुआ फिल्टरने, म्हणजे पॅनडॉक रूपांतर करताना चालवतो त्या लुआ भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टने, काम झालं. आधी पॉपलर-युटिल्स इन्स्टॉल करा, त्यात पीडीएफटूकैरो मिळतं, ते पीडीएफचं एसव्हीजी (ब्राउझरला थेट दाखवता येणारं रेषांचं चित्र) करतं. मग एका लुआ फाइलमध्ये इमेज नावाचं फंक्शन लिहा (आय कॅपिटलच हवा). त्यात पहिली अट, फॉरमॅट व्हेरिएबलमध्ये एचटीएमएल असेल तरच पुढे जायचं, ही अट फार महत्त्वाची, नाहीतर छापायच्या प्रतीतही एसव्हीजी घुसतं. दुसरी अट, एसआरसीचा (चित्राच्या फाइलच्या पाथचा) शेवट डॉट पीडीएफ. दोन्ही जुळलं की ओएस डॉट एक्झिक्यूटने पीडीएफटूकैरो चालवा, एसव्हीजीचा ऑप्शन देऊन, आणि पीडीएफ एकाहून जास्त पानांची असेल तर एफ १ एल १ (फक्त पहिलं पान) पण द्या. मग एसआरसीमध्ये नवीन एसव्हीजीचं नाव भरा आणि एलिमेंट रिटर्न करा.

पॅनडॉक चालवताना डबल डॅश लुआ-फिल्टर लिहून ही फाइल द्यायची. चित्राचा पाथ तुम्ही कमांड जिथून चालवता तिथून धरला जातो, म्हणून मार्कडाउन फाइल आहे त्याच फोल्डरमधून चालवा. अक्षरं एसव्हीजीत रेषा होऊन जातात त्यामुळे आकृतीतली मराठी जोडाक्षरं फुटत नाहीत, फक्त ती सिलेक्ट करता येत नाहीत.